कुलपाचं उद्घाटन

मार्चमध्ये देवगडचा हापूस बाजारात येतो आणि कंपन्यांची समाजसेवा शाळेत. 2013 सालच्या कंपनी कायद्याचं 135 वं कलम सांगतं, की ठरावीक आकाराच्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले किमान 2 टक्के समाजासाठी खर्च करावेत. समाज वर्षभर तिथंच असतो, पण साहेबांना तो दिसतो फेब्रुवारीच्या शेवटी. मग बैठक बसते. कुणी म्हणतं, स्वच्छतागृह बांधू. त्याचा फोटो वार्षिक अहवालात बरा दिसत नाही. कुणी म्हणतं, शिक्षक नेमू. शिक्षकाला दर महिन्याला पगार लागतो. शेवटी एक तरुण अधिकारी चाचरत म्हणतो, "सर, लायब्ररी?" आणि सगळ्यांचे चेहरे उजळतात. एक कपाट, पाचशे पुस्तकं, एक फलक. काम आठवड्यात उरकतं आणि पुण्य कायमचं लागतं.

एकट्या कंपन्यांनाच कशाला बोल लावायचा? माजी विद्यार्थ्यांचे व्हॉट्सअ‍ॅप गट आहेत, साठीशांतीला हॉल न घेता समाजकार्य करायचं ठरवलेले काका आहेत, दिवाळीआधी माळा आवरायला काढलेल्या मावशी आहेत. सगळ्यांना गरीब शाळेत ग्रंथालय काढायचंय. काढून झालं की त्यात कुणी वाचतं का, हे बघायला मात्र कुणालाच जायचं नाही.

कार्यक्रमपत्रिका सगळीकडे सारखी. दहाचे पाहुणे साडेअकराला येतात. तोवर मुलं दोन ओळींत बसून स्वागतगीत घोकतात. दीपप्रज्वलन, शाल, श्रीफळ, प्रास्ताविक, मनोगत. 'वाचाल तर वाचाल' हे वाक्य तीन वक्ते एकमेकांना न विचारता वापरतात. फीत कापली जाते, कपाट उघडतं, पहिल्या रांगेतल्या मुलांच्या हातात एकेक पुस्तक येतं. मुखपृष्ठ कॅमेऱ्याकडे. फोटो झाला की पुस्तकं परत घेतात, मोजतात, कपाट बंद करतात आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या टेबलाच्या वरच्या खणात जाते. तेवढ्या वेळात एखादं पोरगं तिसऱ्या पानापर्यंत पोचलेलं असतं. पुढे काय झालं, हे त्याला अजून कळलेलं नाही.

*

कपाटात काय आहे, ते बघायला पाहुणे थांबत नाहीत. म्हणून आपण बघू.

'घरातली जुनी पुस्तकं द्या' असं आवाहन केलं, की मराठी मध्यमवर्ग फार उदार होतो. बदललेल्या अभ्यासक्रमाची गाइडं, दहावीचे अपेक्षित प्रश्नसंच, उत्तरं भरून टाकलेली शब्दकोडी, व्यवस्थापनशास्त्राचे इंग्रजी ठोकळे, मधुमेहींचा आहार, वास्तुदोषांवर उपाय, 'यशस्वी उद्योजक व्हा', गृहनिर्माण सोसायटीचे उपविधी आणि कुणा नातलगानं पदरमोड करून काढलेल्या काव्यसंग्रहाच्या तीस प्रती. हे सगळं तिसरीतल्या मुलांसाठी. रद्दीवाला याचे किलोमागे पैसे देतो, पण भाषण करू देत नाही. म्हणून शाळा.

मुलांना कितपत वाचता येतं हे तपासणाऱ्या 'असर'च्या 2024 च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या जेमतेम निम्म्या मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता आला. उरलेल्यांना काय हवंय, हे सांगायला तज्ज्ञ नको. सोळा पानं, पानावर दोन-तीन ओळी, मोठं चित्र आणि पान उलटावंसं वाटेल अशी गोष्ट. अशी पुस्तकं मराठीत नाहीत, असंही म्हणायची सोय नाही. माधुरी पुरंदरे यांची 'राधाचं घर' आणि 'यश' या मालिकांमधली पुस्तकं आहेत. 'प्रथम बुक्स'ची स्वस्त आणि देखणी पुस्तकं आहेत आणि कोणतं पुस्तक कुठल्या पातळीच्या वाचकाला झेपेल, हे त्यांच्यावर 1 ते 4 आकड्यांत छापलेलंही असतं. जरा मोठ्या मुलांसाठी भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आहे, दिलीप प्रभावळकरांचा बोक्या सातबंडे आहे. बालभारतीचं 'किशोर' मासिक 1971 पासून निघतंय आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचता येतात.

अडचण एवढीच, की ही पुस्तकं विकत घ्यावी लागतात. आणि दान म्हणजे आपल्या घरातली अडगळ कमी होणं, अशी आपली पक्की समजूत आहे.

*

किल्ली खणात ठेवणाऱ्या गुरुजींना झोडपणं सोपं आहे. ते आपण नेहमीच करतो, आज नको.

शाळेत आलेली प्रत्येक वस्तू डेडस्टॉक रजिस्टरात चढते. खुर्ची, घंटा, तराजू, पुस्तक, सगळ्यांना एकच न्याय. गुरुजींची बदली झाली की चार्ज द्यायचा, म्हणजे एकेक वस्तू मोजून पुढच्या माणसाच्या ताब्यात द्यायची. कमी भरली तर खुलासा करायचा, प्रसंगी खिशात हात घालायचा. फाटलेलं पुस्तक काढून टाकायचं तर निर्लेखनाचा प्रस्ताव पाठवायचा आणि मंजुरीची वाट बघायची. खुर्ची आणि घंटेला हे नियम शोभतात. पण दुसरीतल्या मुलीनं खरोखर वाचलेलं पुस्तक महिन्याभरात कोपरे दुमडून, शिवण उसवून, मधल्या पानावर वरणाचा डाग घेऊन येतं. कधी कधी येतच नाही, कारण धाकट्या भावानं त्यातला वाघ कापून भिंतीवर चिकटवलेला असतो.

म्हणजे हिशेब साधा आहे. न वाचलेलं पुस्तक गुरुजींना सुरक्षित ठेवतं, वाचलेलं पुस्तक अडचणीत आणतं. अशा व्यवस्थेत कुलूप लावणारा माणूस आळशी नसतो, व्यवहारी असतो. घरोघरी शोकेसमध्ये पाहुण्यांसाठीच्या कपबश्या ठेवतात आणि घरचे स्टीलच्या पेल्यातून चहा पितात, तसं हे कपाट. तपासणीला साहेब आले की उघडायचं.

त्यातून जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेला ग्रंथपालाचं पदच नाही. दोन शिक्षक, चार वर्ग, पोषण आहाराची नोंद, मतदारयादीचं काम आणि वरून सतत मागवली जाणारी ऑनलाइन माहिती. यात "बाई, हे घरी नेऊ का?" असं विचारणाऱ्या मुलाला "उद्या बघू" हेच उत्तर मिळणार. उद्या बाई प्रशिक्षणाला गेलेल्या असतात.

*

कायदा मात्र चोख आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात लिहिलंय, की प्रत्येक शाळेत ग्रंथालय असेल आणि त्यात वर्तमानपत्रं, मासिकं, सगळ्या विषयांची पुस्तकं असतील. गोष्टीच्या पुस्तकांचा तर नाव घेऊन उल्लेख आहे. संसदेनं गोष्टीची पुस्तकं कायद्यात घातली, हे किती मुलांच्या पालकांना ठाऊक असेल? समग्र शिक्षा योजनेत ग्रंथालयासाठी वार्षिक अनुदानाचीही तरतूद आहे. यू-डायस या सरकारी माहितीसंकलनाच्या अर्जात शाळा दरवर्षी पुस्तकांची संख्याही भरते. मुलांनी वाचून वाचून किती फाडली, याला तिथं रकाना नाही. तो असता, तर राज्यातल्या खऱ्या ग्रंथालयांची यादी एका दुपारीत तयार झाली असती.

*

एस. आर. रंगनाथन यांनी 1931 साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. पुस्तकं वापरण्यासाठी असतात, हा त्यातला पहिला. एवढी उघड गोष्ट शास्त्र म्हणून का सांगावी लागली? तर मध्ययुगीन युरोपातल्या ग्रंथालयांत पुस्तकं साखळीनं फळीला बांधून ठेवत. रंगनाथन यांनीही हा दाखला दिलाय. आपण बरेच पुढे आलो. साखळी काढली, लोखंडी कपाट आणलं. फरक इतकाच, की साखळीचं पुस्तक निदान उभ्या उभ्या वाचता यायचं.

आणि पुस्तकं वाचकापर्यंत न्यायची असतात, हे आपल्याला कुणी शिकवलं नव्हतं, असंही नाही. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावच्या शेतकरी घरातला एक मुलगा 1875 साली बडोद्याच्या गादीवर बसला. त्या सयाजीराव गायकवाडांनी 1906 साली संस्थानभर सक्तीचं आणि मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं. पण शिकलेल्या मुलाला पुढे वाचायला काही मिळालं नाही, तर तो शिकलेलं विसरतो. म्हणून त्यांनी 1910 साली अमेरिकेतून विल्यम बोर्डन नावाचा ग्रंथपाल बोलावला आणि गावोगाव वाचनालयं उभी करायला घेतली. जिथं वाचनालय नाही, तिथं पुस्तकांच्या पेट्या जायच्या. पेटीच्या येण्याजाण्याचा खर्चही संस्थानाच्याच माथी. गावानं फक्त वाचायचं.

त्या पेटीतली खरी हुशारी अशी, की ती गावात मुक्कामाला येत नसे. वाचून झाली की परत जायची आणि दुसरी यायची. आपल्या कपाटातली पाचशे पुस्तकं जून ते एप्रिल तीच, पुढच्या जूनला तीच आणि देणगीदाराच्या मुलाचं लग्न होईपर्यंत तीच. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठाननं 2009 साली 'ग्रंथ तुमच्या दारी' सुरू केलं, तेव्हा हीच फिरती पेटी पुन्हा निघाली. विनायक रानडे यांच्या पुढाकारानं शंभर-शंभर पुस्तकांच्या पेट्या वाचकांच्या गटांकडे पोचल्या आणि ठरावीक काळानं आपसांत बदलत राहिल्या. दुबईतल्या मराठी घरांपर्यंत त्या गेल्या. म्हणजे पेटी समुद्र ओलांडते. तालुक्याच्या गावापासून बारा किलोमीटरवरच्या पाड्यापर्यंत ती नेणारी मोटारसायकल तेवढी आपल्याला मिळत नाही.

*

इतकं होऊनही एखाद्या मुलाच्या हातात पुस्तक पडलंच, तर मोठी माणसं तातडीनं मदतीला धावतात. गोष्टीचं तात्पर्य काय? तुला कोणतं पात्र आवडलं? का आवडलं? दहा ओळी लिही. कठीण शब्दांचे अर्थ वहीत उतरव. पुढच्या वेळी ते मूल पुस्तक मागत नाही आणि आपण निष्कर्ष काढतो, की मोबाइलमुळे वाचन संपलं.

पुस्तकं निवडतानाही हाच बेत. मुलांना हवी असतात भुतं, डायनोसॉर, मारामाऱ्या, खोड्या आणि पोट धरून हसवणारं काहीही. समितीला हवे असतात संस्कार. मग बत्तीस पानांत एक याप्रमाणे थोर पुरुषांची रांग लागते. या पुस्तिकांमध्ये कुणीही लहानपणी आंबे चोरत नाही, शाळा बुडवत नाही, मार खात नाही. सगळे पाळण्यातूनच राष्ट्रसेवेला लागतात. ज्याला आजच गृहपाठ न केल्याबद्दल उभं केलंय, त्या पोरानं यात स्वतःला कुठं शोधायचं?

15 ऑक्टोबरला, डॉ. कलाम यांच्या जयंतीला, राज्यात 2015 पासून वाचन प्रेरणा दिन साजरा होतो. त्या दिवशी कपाट उघडतं, मुलं ओळीनं पुस्तकं धरून बसतात आणि फोटो वर जातो. लहानपणी कलाम रामेश्वरमला धावत्या रेल्वेतून फेकलेले वर्तमानपत्रांचे गठ्ठे गोळा करून घरोघर टाकत. त्याचा फोटो कुणी काढून वर पाठवला नव्हता. तरी ते राष्ट्रपती झाले.

*

बालगृहांची तऱ्हा आणखी वेगळी. बाल न्याय कायद्याखालच्या 2016 च्या आदर्श नियमांमध्ये 50 मुलांच्या संस्थेत 500 चौरस फुटांचं वाचनालय धरलंय. कागदावर ते आहेही. प्रत्यक्षात रविवारी तिथं वाढदिवस साजरे होतात. सकाळी एक केक, दुपारी दुसरा, संध्याकाळी कुणाच्या तरी आजीच्या स्मरणार्थ पुस्तकवाटप. मुलांनी प्रत्येक वेळी ताज्या आनंदानं टाळ्या वाजवायच्या. निवांत वाचायला मिळेल असा आठवड्यातला एकच दिवस आणि तोही दात्यांनी बुक केलेला.

मग फोटो. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड करायला, त्याचं छायाचित्र प्रसिद्ध करायला 2015 च्या याच बाल न्याय कायद्याचं 74 वं कलम मनाई करतं. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तरीही 'आज अनाथ मुलांसोबत' अशा ओळीखाली चेहरे फिरत असतात, वर हात जोडलेली चिन्हं. बालगृहाला पुस्तकं द्यायला निघालेल्यांनी आधी हे एक कलम वाचावं. छोटं आहे, चित्रं नाहीत, पण तात्पर्य स्पष्ट आहे.

तिथल्या बऱ्याच मुलांना आई किंवा वडील असतात. गरिबी, आजारपण, व्यसन, घरातली मारझोड अशा कारणांनी ती तिथं आलेली असतात. दाते मात्र त्यांच्यासाठी निवडून निवडून रडक्या गोष्टी आणतात किंवा आईचा उल्लेख असलेलं पुस्तक घाबरून बाजूला ठेवतात. दोन्ही करू नये. त्यांनाही हसायचं असतं, घाबरायचं असतं, वाघ शेवटी पकडला गेला का हे जाणून घ्यायचं असतं. ताट संस्थेचं, गादी संस्थेची, गणवेश संस्थेचा. रात्री उशाशी ठेवता येईल असं एक पुस्तक काही दिवस तरी आपलं असावं, एवढीच मागणी. त्यासाठी फळी अधीक्षकांच्या कार्यालयातून उचलून मुलं झोपतात त्या खोलीत न्यावी लागते. या बदलाला निधी लागत नाही, म्हणून तो कुठल्याही प्रस्तावात नसतो.

*

आश्रमशाळेत गेलेल्या दात्याला तर इंग्रजीच सुचतं. "जगात टिकायचं तर इंग्रजी हवं ना!" समोरची पहिलीतली पोरगी घरी कोरकू बोलते, किंवा गोंडी, पावरी, वारली. तिला अजून मराठीच परकी आहे आणि तिच्या हातात लंडनच्या पावसातला टेडी. गोंडी बोलणाऱ्यांनी एकत्र बसून 'प्रथम बुक्स'च्या गोष्टी गोंडीत नेल्या आहेत. त्याच संस्थेच्या 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावर 2015 पासून अनेक भाषांमधल्या गोष्टी खुल्या परवान्यानं मिळतात. उतरवा, छापा, शिवा, वाटा, कुणी अडवत नाही. पण घरी शिवलेल्या पुस्तकावर देणगीदाराच्या नावाचा शिक्का उठून दिसत नाही, ही त्यातली तांत्रिक अडचण.

*

नीट काम करणारेही आहेत, म्हणून तर बाकीच्यांचा राग येतो. गोव्यात 2005 साली सुरू झालेली 'बुकवर्म' ही संस्था शाळांत आणि वस्त्यांत पुस्तकं घेऊन जाते. तिची माणसं मुलांना वाचून दाखवतात, मुलांशी गप्पा मारतात, पुस्तकं घरी नेऊ देतात. पालघर जिल्ह्यात वाड्याकडे नीलेश निमकर यांच्या 'क्वेस्ट' या संस्थेनं 'गोष्टरंग' या उपक्रमातून कलाकारच शाळांत पाठवले. ते मुलांच्या पुस्तकातली गोष्ट वर्गात करून दाखवतात. गोष्ट अशी समोर घडली, की मूल ते पुस्तक स्वतः शोधत येतं. फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी आपली हयात मुलांना वाचायला शिकवण्यात घातली. त्या मूळच्या अमेरिकेच्या, पण आपल्या शाळेतल्या मुलांनी आधी मराठीत वाचावं यासाठी झटल्या. टेडीवाल्या दात्यांनी हे जरूर ऐकावं.

या सगळ्यांनी खर्चाच्या यादीत माणूस पहिला लिहिला आणि कपाट शेवटी. काहींनी तर कपाट घेतलंच नाही. भिंतीवर दोन खिळे, एक सुतळी, चिमटे आणि मुखपृष्ठं मुलांकडे तोंड करून. नोंदवही पाचवीतल्या दोन मुली सांभाळतात आणि कुठलं पुस्तक कुणाच्या घरी आहे, हे त्यांना गुरुजींपेक्षा चोख ठाऊक असतं.

तेव्हा ज्यांना यंदा ग्रंथालय द्यायचंच आहे, त्यांनी थोडं कमी द्यावं, पण रोखठोक द्यावं. पाचशेऐवजी शंभर पुस्तकं घ्या, नवी, मुलांच्या पातळीची. उरलेल्या पैशांतून आठवड्याला दोन दिवस येऊन वाचून दाखवणाऱ्या गावातल्याच एखाद्या ताईला मानधन द्या, तेही निदान तीन वर्षं. पुस्तकं शाळेच्या डेडस्टॉकात चढवू नका. मालकी स्वतःकडे ठेवा आणि शाळेला वापरायला द्या, म्हणजे गुरुजींचा जीव मोकळा होईल. आणि देणगीपत्रात स्वतःच्या सहीनं एक वाक्य लिहा, की शंभरातली वीस पुस्तकं दरवर्षी फाटली, हरवली, कुणाच्या दप्तरात कायमची राहिली, तरी माझी हरकत नाही, पुढच्या जूनला तेवढी नवी देईन.

हे वाक्य लिहिताना हात थरथरत असेल, तर ग्रंथालयाच्या भानगडीत पडू नका. शाळेला पंखे द्या. पंख्यावरही नाव घालता येतं आणि तो कुठलंच मूल वाचायला घरी नेत नाही.